सिर्काचं तेल आणि माझे ब्रश

३ मार्च, शनिवार

सिर्का आलीच नाही.

हेल्वीच्या स्वयंपाकघरात नऊ बायका जमलेल्या. कॉफी, वेलदोड्याचे पाव, दालचिनीचा केक — सगळं साग्रसंगीत. आणि ब्रश मांडायला मी एकटी! मी बोलायचं आणि सिर्काने घासून दाखवायचं, हे आमचं कित्येक वर्षांचं ठरलेलं. आज बोलणंही माझं, घासणंही माझं. हेल्वीची करपलेली कढई लख्ख निघाली, पण मजा नाही आली.

विक्री बरी झाली. सौनाच्या वाफेच्या खोलीतली बाकं घासायचे लांब दांड्याचे सगळे संपले.

परतताना सिर्काच्या अंगणात तीन परक्या गाड्या. घरात दिवे. म्हणजे आजारी नव्हती.

५ मार्च

सिर्का स्वतःच आली. पर्समधून छोटी काळी बाटली काढून टेबलावर ठेवली. टिर्नीचं तेल. टिर्नी म्हणजे ती समुद्रकाठची नारिंगी फळं — इतकी आंबट, की पोरं डोळे मिटून खातात. हे तेल म्हणे वेगळं. सांधे, कातडी, झोप, मन, सगळ्यावर चालतं. रोज सकाळी दहा थेंब. बाटली एकोणपन्नास युरोला.

ताइस्तोने वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता विचारलं, ट्रॅक्टरला चालेल का. मी या माणसाशी लग्न केलं तेव्हापासून असले विनोद ऐकतेय. सिर्का हसली नाही. एरवी हसते.

जानेवारीतच एका क्लबात शिरलीय ती. मला मुद्दाम सांगितलं नाही — मी अडवलं असतं म्हणे. शनिवारी तिच्याकडे त्याचीच बैठक होती. तिच्या खाली तीन बायका आल्यात, अजून दोन आल्या की पुढची पायरी. मग नोकरी सोडणार. गुडघे गेलेत तिचे. घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना उचलायचं, आंघोळ घालायची, पुन्हा गादीवर ठेवायचं — किती वर्षं करणार? नवरा गेल्यापासून तर घरातलं बर्फ उपसणंही तिच्याच गळ्यात. निवृत्तीला अजून अवकाश आहे.

हे तिने शांतपणे सांगितलं. मला तिच्या गुडघ्यांचं माहीत होतं. पण ती उरलेली वर्षं मोजून थकलीय, हे माहीत नव्हतं.

बाटली ठेवून गेली. भेट म्हणून.

१० मार्च, शनिवार

आज सौना आमच्याकडे. नेहमीसारख्या दोघीच. वरच्या बाकावर बसल्यावर मी विचारलं, हे माणसं जोडत जायचं पिरॅमिडचं तर प्रकरण नाही ना?

तिने कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाली, "तू मला ब्रश विकायला शिकवलंस. मी विकते, त्यावर शेकडा पाच तुला मिळतात. तुझ्या वरच्या मिर्याला तुझ्यावर मिळतात. माझ्या खालच्यांवर मला मिळतात. तुझा तो धंदा आणि माझं ते पिरॅमिड — कसं काय, सांग ना."

मी दगडांवर पाणी टाकलं. वाफ उठली. तेवढीच सवड मिळाली.

ती चिडली नव्हती, हे जास्त लागलं. तिला खरंच ऐकायचं होतं.

११ मार्च

अजून उत्तर नाही. ताइस्तोला विचारलं. म्हणाला, ब्रशाला केस असतात.

२४ मार्च

क्लबाच्या सभेला सेइनायोकी शहरात जाऊन आले. सिर्काच म्हणाली, न बघता नाक मुरडू नकोस. खरं आहे. गेले.

हॉटेलातला मोठा हॉल. शंभरेक माणसं. आमच्यासारखीच — जाड बुटांची, हात राबलेली. काही शेतकरी जोडपी, दोन परिचारिका, एक शाळेतला शिक्षक मी ओळखला. कोणी वेडगळ नव्हतं. रास्मुस नावाचा तरुण बोलला. मऊ राखाडी स्वेटर, मऊ आवाज. ओरडणं नाही, नाचणं नाही — मला वाटलं होतं तसं काहीच नाही. स्वतःच्या आईबद्दल बोलला, ती साफसफाईच्या कामात कशी झिजली. सिर्काच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही.

मग पडद्यावर पायऱ्या. आत शिरायचा बाटल्यांचा साधा संच, मग 'चांदीचा' संच, 'सोन्याचा' संच. चांदीचा बाराशे युरोंचा. कोणी आपल्या हाताखाली चांदीचा घेतला की आपल्याला त्यातले दोनशे. पायरी टिकवायची तर महिन्याला दोन खोकी तेल स्वतः घ्यायचं.

तेलाबद्दल किती बोलला? सुरुवातीला थोडंसं, आणि शेवटी एक बाटली हातात धरून. मध्ये कॉफी झाली तेव्हा मी जवळ गेले. विचारलं, बाहेरचं गिऱ्हाईक महिन्याला साधारण किती घेतं? आमच्यात हा पहिला प्रश्न असतो.

तो हसला, माझा हात हातात घेतला. "आपण दुकानदार नाही आहोत, आइलीताई. आपण माणसं उभी करतो."

छान वाटलं ऐकायला! गाडीत बसेपर्यंत छान वाटत राहिलं. मग लक्षात आलं, प्रश्न होता तिथेच आहे.

२७ मार्च, मंगळवार

ग्राहक सल्ला केंद्राला फोन केला. धीर करून. पलीकडच्या बाईचा आवाज पडशाने बसलेला, पण घाई नव्हती तिला. म्हणाली, अमुक कंपनी खोटी असा निवाडा फोनवर देता येत नाही. मी म्हटलं, मग मला माझंच सांगा. मी ब्रश विकते. माझ्या खाली अकरा बायका आहेत. मी गुन्हेगार आहे का?

ती हसली, मग खोकली. म्हणाली, साखळी असणं हा गुन्हा नाही. खालच्याने विकलं आणि वरच्याला वाटा मिळाला, हाही नाही. मुख्य मिळकत कुठून येते ते बघायचं. माल गिऱ्हाइकाकडे गेला म्हणून, की नवा माणूस आत आला म्हणून? माल नुसता पुढे मांडून ठेवलेला असू शकतो — दुकानाच्या काचेत असतो तसा.

मग तिनेच विचारलं: उद्यापासून तुमच्याकडे एकही नवी बाई आली नाही, तर काय होईल?

मी म्हटलं, काही नाही. हेल्वीचा ब्रश झिजेल. ती नवा घेईल.

"आणि न खपलेले ब्रश?"

म्हटलं, न उघडलेले कंपनी परत घेते. मी आत आले तेव्हा नुसती दाखवायची पिशवी दिली होती. सोडताना ती परत करायची.

"मग तुम्ही शांत झोपा," म्हणाली.

झोपेन. पण सिर्काला हे कसं सांगू, की ते तिला माझ्या शहाणपणासारखं वाटणार नाही?

३१ मार्च, शनिवार

सांगितलं. सौनाच्या पायरीवर बसून, टॉवेल गुंडाळून, बर्फाकडे बघत. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, तेलही संपतं. लोक पुन्हा घेतात.

म्हटलं, कोण लोक?

"आम्ही," म्हणाली.

१५ एप्रिल

नदी शेतात आलीय. दरवर्षीसारखं सगळं सपाट पाणी, त्यात धान्याची कोठारं उभी. हंस उतरलेत. दिवसभर खिडकीशी बसले.

टिर्नीचं तेल हाताला लावते मी. चांगलं आहे. भेगा बुजल्या. हेही लिहून ठेवायला हवं. तेल खोटं नाही.

२८ एप्रिल

सिर्काकडे गेले, तिची मोठी कात्री मागायला. ती म्हणाली सौनाच्या बाहेरच्या खोलीत बघ. दार उघडलं. आत पाय ठेवायला जागा नाही! बाकावर, बाकाखाली, खिडकीपर्यंत खोकी. एकही फोडलेलं नाही. कपडे काढायला जागा नाही म्हणून ती हल्ली आमच्याकडेच सौनाला येते, हे मला आत्ता कळलं. मला वाटलं होतं, माझ्यासाठी येते.

मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, पायरीसाठी घ्यावी लागतात. वर गेले की आपोआप उठतील.

मी काही शिकवलं नाही. एवढंच म्हटलं, बारा मेला चौकात वसंतातला बाजार आहे. माझं टेबल असतंच. तू तेल आण. दोघी मिळून विकू. विकायला तर मला येतं.

ती माझ्याकडे बघत राहिली. "खरंच येशील माझ्याबरोबर?"

म्हटलं, खरंच.

१२ मे, शनिवार

सगळं लिहिते.

लख्ख ऊन, पण वारा गार. टेबलाच्या अर्ध्या भागात ब्रश, अर्ध्या भागात तेल. मी स्वच्छ पांढरं कापड अंथरलं, बाटल्या उतरंडीसारख्या रचल्या, एक उघडी ठेवली, हाताला लावून बघायला. आणि मी मनापासून विकलं. देवाशपथ. ब्रशापेक्षा जास्त जीव लावून. माझे हात दाखवले, भेगा कशा गेल्या ते सांगितलं. लोक थांबत होते. लावून बघत होते. चांगलं म्हणत होते. मग किंमत विचारत आणि बाटली हळूच खाली ठेवत.

औषधाच्या दुकानातली पोरगी आली. बाटलीची मागची बाजू वाचून म्हणाली, आमच्याकडे असंच तेरा युरोला आहे, याहून मोठ्या बाटलीत. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. खरं तेच बोलली.

मी सिर्काला म्हटलं, वीसला देऊ. ती म्हणाली, क्लबात परवानगी नाही. किंमत उतरवली तर पायरी जाते.

एक बाटली गेली. केर्तू आजीने घेतली — तिच्या आजारी नवऱ्याला शेवटी सिर्काच आंघोळ घालायची. आजीने बाटली वाचलीसुद्धा नाही. सिर्काच्या गालाला हात लावला, पैसे ठेवले आणि निघून गेली.

दुपारपर्यंत माझे ब्रश संपत आले. मला लाज वाटायला लागली, म्हणून उरलेले टेबलाखाली ठेवले.

सामान भरून गाडीत बसलो. मी किल्ली फिरवली नाही. म्हटलं, सिर्का, मी गावातली सगळ्यात चांगली विकणारी. मला एक विकता आली, तीही तुझ्या पुण्याईवर.

ती समोरच्या काचेतून बघत होती. म्हणाली, "अगं, ते विकायचं नसतंच. आणखी एक माणूस शोधायचा असतो."

बोलली आणि स्वतःच दचकली. मी गाडी सुरू केली.

१३ मे

फोन केला तर उचलला नाही. असू दे. पचायला वेळ लागतो.

२० मे

चूक माझी. मला वाटलं, एकदा तोंडाने बोलली म्हणजे सुटली. तसं नसतं. जो आत पैसे ओतून बसलाय त्याला दार दिसलं तरी उठवत नाही.

आज एइनो आला. सिर्काचा धाकटा भाऊ — मोजकं बोलणारा, टोपी हातात घेऊन दारातच उभा. बापाच्या मागे दोघांच्या नावावर वाड्यापलीकडचं झाडांचं रान आहे, स्प्रूसचं. सिर्का म्हणतेय, झाडं विकू. तिला सोन्याचा संच घ्यायचाय. त्याच्या सहीशिवाय होत नाही.

"तू या लाइनीतली," म्हणाला. "सही करू का?"

मी त्याला आत बसवलं. कॉफी दिली. करू नकोस असं म्हणायचं नाही, हे मनाशी ठरवलं. म्हटलं, तिला एकच विचार — गेल्या महिन्यात क्लबाबाहेरच्या किती लोकांनी तेल घेतलं. उत्तर ऐक, मग तुझं तू ठरव.

त्याने मान हलवली. कॉफी संपवली. गेला.

२३ मे

सिर्काचा फोन. दोनच वाक्यं. एइनोने सही केली नाही. आणि "तू माझ्याबरोबर टेबलाशी उभी राहिलीस, ते मला पाडायलाच ना?"

नाही, असं म्हणेपर्यंत फोन बंद.

२६ मे, शनिवार

सौना तापवला. एकटी बसले. ताइस्तो नंतर आला, खालच्या बाकावर. या वेळी विनोद केला नाही. बरं वाटलं.

२ जून

सिर्काने माझ्या गिऱ्हाइकांतल्या दोघींना तेलाच्या क्लबाबद्दल विचारलं. त्यातली हेल्वी मला विचारायला आली, आपण काय करावं म्हणून. मी तिला ग्राहक केंद्रातल्या बाईचा प्रश्न सांगितला. सिर्काबद्दल वाईट एक शब्दही नाही. हेल्वी म्हणाली, ती रडवेली दिसते. म्हटलं, मला माहीत आहे.

२३ जून

उन्हाळ्याचा मोठा सण. तळ्याकाठी मोठी शेकोटी पेटली. नवे बटाटे, खारवलेले मासे, कांद्याची पात. सगळं गाव होतं. सिर्का नव्हती. एइनो होता, एकटा, लांब उभा. माझ्याकडे बघून टोपी उचलली.

रात्र होतच नाही या दिवसांत. असल्या उजेडात कुणी नाही हे जास्तच दिसतं.

९ जुलै, सोमवार

सिर्का आली.

दार वाजवलं. एवढ्या वर्षांत तिने कधी दार वाजवलं नव्हतं. मी रानबेरींचा पाक करत होते, हात लाल. ती टेबलाशी बसली. म्हणाली, क्लबने पैसे देणं थांबवलंय. 'तात्पुरतं'. रास्मुसचा फोन लागत नाही. वरच्या पायरीवरच्या बाईने सांगितलं, आता नवी माणसं येत नाहीत, म्हणून.

"म्हणून," तिने पुन्हा म्हटलं. "बघ. तेल तर तेवढंच आहे."

मी गॅस बंद केला. जवळ गेले. ती म्हणाली, मला मिठी मारू नकोस, मोडेन. मग मी तशीच लाल हातांनी उभी राहिले.

स्वतःच्या नुकसानाबद्दल ती काहीच बोलली नाही. तिच्या खाली शेवटी चौघी झाल्या होत्या. एक तिच्याच कामावरची, नवऱ्याने सोडलेली, दोन लेकरांची. चौघींनी चांदीचे संच घेतलेले — सिर्काच्या शब्दावर.

"त्यांना मी आणलं," म्हणाली. "रास्मुसने नाही. त्याला त्या ओळखतही नव्हत्या."

म्हटलं, काय करायचं ठरवलंस?

म्हणाली, घरी जाऊन सांगायचं. फोनवर नाही. पण गुडघ्यांमुळे गाडी चालवता येत नाहीये हल्ली.

११ जुलै

तिला घेऊन चारही घरी गेले. मी गाडीतच बसायचं, असं तिने बजावलेलं. प्रत्येक दारात ती उभी राहून बोलली, आत ये म्हटल्याशिवाय गेली नाही. एका घरातून ओरडणं ऐकू आलं. एका घरातून काहीच नाही, ते जास्त वाईट. त्या दोन लेकरांच्या बाईने तिला कॉफी दिली. प्रत्येकीची न फोडलेली खोकी सिर्काने परत घेतली आणि पैसे देईन म्हणून सांगितलं.

गाडी खोक्यांनी भरली. परतताना तिच्या मांडीवरही एक खोकं.

विचारलं, कुठून देणार?

म्हणाली, माहीत नाही. पण कबूल केलंय.

१२ जुलै

ग्राहक केंद्रातल्या बाईला पुन्हा फोन. तिने पोलिसांत तक्रार कशी द्यायची ते सांगितलं. पैसे मिळतीलच असं नाही, हेही सांगितलं. सिर्का तक्रार देणार. नाव लपवणार नाही म्हणते — स्वतःचंही.

१५ जुलै

एइनो तिच्याकडे आला तेव्हा मी तिथे होते. टोपी काढून टेबलावर ठेवली — म्हणजे बसणार. सिर्काने त्याच्याकडे बघितलं नाही.

तो म्हणाला, "झाडं घेणाऱ्या माणसाशी बोललोय. तोडणीसाठी हिवाळ्यापर्यंत थांबायचं नाही. त्या चौघींपुरती तोडू. बाकीचं रान राहील."

सिर्का म्हणाली, तेव्हा नाही म्हणालास.

"तेव्हा कशासाठी होतं ते मला कळत नव्हतं. आता कळतंय." आणि पेन काढलं.

मी उठून बाहेर गेले. अंगणातलं गवत बघत राहिले. बहीणभावांचं तेवढं त्यांचं.

४ ऑगस्ट

तोडणी झाली. यंत्राने अर्ध्या दिवसात. आम्ही दोघी बघायला गेलो. ओंडके रस्त्याकडेला रचलेले, चिकाचा वास. सिर्काने एका बुंध्यावर हात ठेवला. म्हणाली, बाबांनी लावली तेव्हा मी रोपं धरायला होते. रडली नाही. मीच रडले.

चौघींचे पैसे दिले.

आज सौना तिच्याकडे. बाहेरची खोली रिकामी! खोकी पोलिसांनी पुरावा म्हणून नेली काही, बाकीची तिने म्हाताऱ्यांच्या घरी वाटून टाकली. गावातल्या सगळ्या आजींचे हात या हिवाळ्यात मऊ राहणार.

तिला हलकं काम देणार आहेत ऑफिसात. अर्ज तिने मे महिन्यातच केला होता, बाजारानंतर. मला सांगितलं नव्हतं.

१८ ऑगस्ट

केर्तू आजीकडे ब्रश दाखवले. मी बोलले, सिर्काने खुर्चीवर बसून घासलं. आजीला खिडकीच्या काचांचा ब्रश हवा होता, तो नव्हता. पुढच्या वेळी आणते म्हटलं.

३१ ऑगस्ट

माझ्या वरच्या मिर्याचा फोन, खुशीत. आमची ब्रशांची कंपनी विकली गेली. ऑक्टोबरपासून नवी रीत — विकलेल्या ब्रशावरचा वाटा अर्धा, आणलेल्या प्रत्येक नव्या बाईमागे दीडशे युरो, आणि गटप्रमुख बाईने महिन्याला तीन खोकी स्वतः घ्यायची. परत घेणार नाहीत.

"तुला तर सोनंच आहे, आइली. तुला सगळा गाव ओळखतो."

म्हणूनच नको, म्हटलं. दाखवायची पिशवी सोमवारी परत करतेय.